‘पासून’चं इंग्रजी: लांबलेल्या गोष्टी सांगायच्या कशा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात बारावी झालेलं एक पोरगं अर्ज घेऊन आलं. अर्ज त्यानं स्वतः लिहिला होता, मला फक्त टाइप करून द्यायचा होता. “काका, साहेब म्हनते इंग्लिशमधे द्या, वर पाठवाले सोपं जाते. हरबऱ्याले पानी नाही, अकरा दिवस झाले.”

पहिलंच वाक्य होतं, ‘अवर डीपी इज बर्निंग सिन्स इलेव्हन डेज.’ म्हणजे आमची डीपी, शेताला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, अकरा दिवसांपासून जळते आहे. मी म्हटलं, “बाबू, मग वायरमनला कशाले बोलावतं? आगीचा बंब बोलाव.” पोरगं हसलं, पण चूक कुठं झाली ते त्याच्या ध्यानात आलं नाही. येत नाहीच पटकन. मराठीत ते वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, आणि आपण ते जसंच्या तसं पलीकडं नेतो.

दुकानात येणाऱ्या दहा कागदांतले चार तरी अशाच लांबलेल्या गोष्टींचे असतात. रखडलेलं अनुदान, जुनं दुखणं, धुऱ्याचं म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण, कंत्राटी नोकरीचा अनुभव. त्यामुळं नवीन इंग्रजी लिहायला लागलेल्यांना मी ज्या क्रमानं शिकवतो, तोच इथं मांडतो.

आधी ठरवा, चालू काय आहे

डीपीचं जळणं एका क्षणात झालं. अकरा दिवस चालू आहे ते तिचं बंद असणं. ‘अकरा दिवसांपासून डीपी जळाली आहे’ या मराठी वाक्यात दोन्ही गोष्टी एकावर एक बसल्या आहेत आणि ऐकणारा त्या आपोआप वेगळ्या करून घेतो. इंग्रजीत त्या तुम्हालाच वेगळ्या कराव्या लागतात. एकदाच झालेल्या गोष्टीला ‘अगो’ लागतं: ‘द डीपी बर्न्ट आउट इलेव्हन डेज अगो.’ चालू असलेल्या स्थितीला ‘हॅज बीन’ आणि ‘फॉर’: ‘द डीपी हॅज बीन आउट ऑफ ऑर्डर फॉर इलेव्हन डेज.’ अर्जात दुसरं वाक्य जास्त कामाचं, कारण साहेबाला तुमचा त्रास कळायला हवा, घटनेचा पंचनामा नंतर होत राहील.

लग्नाचंही असंच. ‘आय गॉट मॅरीड टेन इयर्स अगो’ चालतं, ‘आय हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’ही चालतं. ‘आय एम मॅरिइंग सिन्स टेन इयर्स’ लिहिलं तर दहा वर्षं झाली आणि वरात अजून मांडवातच अडकली आहे.

‘पासून’ची दोन पोरं

आपल्या ‘पासून’चे इंग्रजीत दोन वाटे होतात, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’. नियम कोणत्याही पुस्तकात मिळेल, पण पाठ होत नाही. मी पोरांना भिंतीवरचं कालनिर्णय दाखवतो. ‘पासून’च्या आधी जे आलं आहे त्यावर कॅलेंडरवर बोट ठेवता येतं का? येत असेल तर ‘सिन्स’. बोट ठेवता येत नसेल, बोटांवर मोजावं लागत असेल, तर ‘फॉर’.

पोळ्यापासून: बोट ठेवता येतं, श्रावणाच्या अमावास्येवर. ‘सिन्स पोळा.’ पंधरा दिवसांपासून: मोजावं लागतं. ‘फॉर फिफ्टीन डेज.’ सोमवारपासून, मार्चपासून, सकाळी नऊपासून, बाप गेला तेव्हापासून, या सगळ्यांना ‘सिन्स’. दोन घंट्यांपासून, तीन पिढ्यांपासून, कितीतरी दिवसांपासून, यांना ‘फॉर’.

आता दोन ठिकाणी भलेभले घसरतात. पहिलं, ‘सिन्स लाँग’. आपल्याकडच्या ऑफिसांत हे सर्रास लिहिलं जातं, पण ‘लाँग’ ही कॅलेंडरवरची तारीख नाही. ‘फॉर अ लाँग टाइम’ म्हणा. दुसरं, बायोडाटातलं ‘सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स’. गेली पाच वर्षं मोजली जातात, म्हणून ‘फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स’. मुलाखतीला बसलेला माणूस सुधारून सांगत नाही, तो फक्त बघून घेतो.

आपलं ‘करून राहिलो’ इथं कामाला येतं

पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्या पोरांची पहिली थट्टा होते ती ‘काय करून राहिला बे’वरून. तिकडं ‘करतोयस’ म्हणतात. पोरं लाजून बोली बदलून टाकतात. मला विचाराल तर इंग्रजी शिकताना ही बोली म्हणजे घरचा खजिना आहे. ‘पाऊस पडते’ आणि ‘पाऊस पडून राहिला’ यांतला फरक आपल्या दहा वर्षांच्या पोरालाही कळतो. इंग्रजीतल्या ‘आयएनजी’चं कामही नेमकं तेच आहे.

म्हणून सोपी रीत. वाक्य आधी वऱ्हाडीत म्हणून पाहा. त्यात ‘करून राहिला’, ‘पडून राहिला’ यांतलं ‘ऊन राहिला’ आलं आणि सोबत ‘पासून’ही आलं, की इंग्रजीत ‘हॅज बीन’ आणि क्रियापदाला ‘आयएनजी’. ‘तीन दिवसांपासून पाऊस पडून राहिला’: ‘इट हॅज बीन रेनिंग फॉर थ्री डेज.’ ‘तो सकाळपासून वखर हाकून राहिला’: ‘ही हॅज बीन हॅरोइंग सिन्स मॉर्निंग.’ नुसतं ‘इज रेनिंग’ लिहिलं तर फक्त आत्ताचं कळतं. तीन दिवसांचा हिशेब ‘हॅज बीन’ सांगतं.

ही रीत उलटीही चालते, आणि मला तीच जास्त आवडते. ‘मी त्याले दहा वर्षांपासून ओळखून राहिलो’ असं आपल्याकडं कोणी म्हणत नाही. ‘मले माहीत होऊन राहिलं’ही नाही. जीभच वळत नाही. मग इंग्रजीतही तिथं ‘आयएनजी’ लावायचं नाही. ‘आय एम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स’ चूक, ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ बरोबर. दर वेळी ही कसोटी शंभर टक्के लागेल असं नाही, पण नोइंग, बिलीव्हिंग, ओनिंग हे तिघं तरी अर्जातून बाहेर जातील. आपण ‘शेत मालकीचं असून राहिलं’ म्हणतो का? मग झालं.

बायोडाटाचं एक सांगून पुढं जातो. ‘आय वर्क्ड अ‍ॅज अ नर्स फॉर टू इयर्स’ याचा अर्थ दोन वर्षं केलं आणि सोडलं. ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘हॅव बीन वर्किंग’ म्हटलं तर अजून तिथंच आहे. गेल्या वर्षी एका मुलीच्या फॉर्मवर ‘वर्क्ड’ गेलं, आणि ‘सध्या बेरोजगार का?’ हा प्रश्न तिला तीनदा विचारला गेला. बिचारी त्याच दिवशी नाईट ड्यूटी करून गेली होती.

आणि ‘अजून’. ‘अजून चालू आहे’चा अजून म्हणजे ‘स्टिल’, ‘अजून नाही आलं’चा अजून म्हणजे ‘येट’. एवढं पुरे.

मध्ये खंड पडतो का?

इथपर्यंत वाक्याची चौकट झाली. आता शब्द निवडायचे. ‘सतत’ला इंग्रजीत निदान अर्धा डझन शब्द आहेत. त्यांच्यातून निवडताना पहिला प्रश्न विचारायचा: मध्ये थांबतं का?

आपल्याकडं झड लागते. तीन-तीन दिवस आभाळ उघडत नाही, सरपण ओलं, कपडे वाळत नाहीत, गोठ्यात चिखल. ते झालं ‘कंटिन्युअस’. मध्ये कुठंच फट नाही. आणि एखादा आठवडा असा असतो की सर येते, ऊन पडतं, निंदायला बाया निघतात, पुन्हा सर येते. ते ‘कंटिन्युअल’, थांबून थांबून पण पुन्हा पुन्हा. वीजपुरवठा सलग हवा, म्हणून मागणी ‘कंटिन्युअस सप्लाय’ची. तक्रार मात्र ‘कंटिन्युअल ट्रिपिंग’ची, कारण लाइन जाते-येते. एका अर्जात हे दोन्ही शब्द नीट पडले तर वाचणाऱ्याला लिहिणारा जाणता वाटतो. खरं तर मूळ इंग्रजी बोलणारेही या दोघांत बरीच गल्लत करतात. शंका आली तर ‘कॉन्स्टंट’ लिहा, तो दोन्हीकडं खपून जातो.

‘इन्सेसंट’ म्हणजेही न थांबणारं, पण त्यात वैताग आहे. ‘सीझफायर’मधला ‘सीझ’, म्हणजे थांबणं, यातही आहे. ‘इन्सेसंट रेन’ वर्तमानपत्रात रोज दिसेल. सोयाबीन कापून ढीग लावला आहे आणि वरून पाणी सुरू आहे, तेव्हा हाच शब्द.

उलट बाजूला ‘प्रोलाँग्ड’. गरजेपेक्षा किंवा अपेक्षेपेक्षा लांबलेलं. पेरणी झाली, कोंब वर आले आणि पावसानं दडी मारली, तर ‘प्रोलाँग्ड ड्राय स्पेल’. पीकविम्याच्या आणि हवामानाच्या कागदांवर हाच शब्द असतो, तेव्हा तो ओळखून ठेवा. ‘पाऊस फार दिवस आला नाही’ असं चार शब्दांत फिरवण्यापेक्षा त्यांचाच शब्द त्यांना परत दिलेला बरा.

शब्दाचा स्वभाव बघा

‘चालू आहे’ एवढंच सांगायचं, मनातलं काही दाखवायचं नाही, तर ‘ऑनगोइंग’. हा शब्द सरकारी टेबलासारखा आहे, त्यावर काहीही ठेवा. गोसीखुर्द धरण प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. त्यानंतर किती अहवालांत ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ लिहून आलं असेल, हिशेब नाही. ज्याचं शेत कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे, त्याच्या तोंडी मात्र ‘डिलेड’ येईल. काम एकच आहे, पण टेबलाच्या अलीकडचा शब्द वेगळा आणि पलीकडचा वेगळा.

‘लाँगस्टँडिंग’मध्ये आदर आहे. पुष्कळ वर्षं उभं आहे, पडलेलं नाही. वेगळ्या विदर्भाची मागणी ‘लाँगस्टँडिंग डिमांड’ म्हणून लिहितात ते बरोबरच. विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठीचा नागपूर करार १९५३ चा, राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली ती १९५५ मध्ये. दोन व्यापाऱ्यांचे जुने संबंधही ‘लाँगस्टँडिंग’. पण कार्यालयात अडकलेल्या फायलीला हा शब्द देऊन तिचा मान वाढवू नका. तिला ‘लाँग-पेंडिंग’.

‘प्रोट्रॅक्टेड’ला घाबरू नका, तो आपल्या वावरातलाच आहे. ट्रॅक्टर ओढतो ना? ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणं. ‘प्रोट्रॅक्टेड’ म्हणजे ओढत-ओढत नेलेलं. कंपासपेटीतला कोनमापक, प्रोट्रॅक्टर, तोही याच घराण्यातला. धुऱ्याचा वाद आजोबांनी घातला, बापानं तारखा केल्या, आता नातू वकिलाकडं चकरा मारतो: ‘प्रोट्रॅक्टेड डिस्प्यूट.’ मराठीतलं ‘घोंगडं भिजत पडलं’ याच्या बरंच जवळ जातं.

‘इंटर्मिनेबल’ म्हणजे संपता संपत नाही असं. विदर्भ एक्सप्रेस मुंबईत जिथं थांबते ते टर्मिनस, म्हणजे शेवट. ज्याला टर्मिनसच नाही ते ‘इंटर्मिनेबल’. सत्काराच्या कार्यक्रमातली भाषणं या जातीची. मित्राला सांगताना खुशाल वापरा. अर्जात नको, साहेबाला टोमणा वाटतो.

‘पर्सिस्टंट’ चिवट आहे. औषध देऊनही न जाणारा खोकला, हाकलूनही येणारी रानडुकरं. आणि ‘लिंगरिंग’ रेंगाळणारं, जायला निघालेलं पण न गेलेलं. चैतात मोहफुलं वेचून आणली की घरात चार दिवस तो गोडसर वास राहतो, फुलं आवरून ठेवली तरी जात नाही. ‘लिंगरिंग स्मेल.’ मला हा शब्द फार आवडतो, पण अर्जात वापरायची वेळ अजून आलेली नाही.

‘एन्ड्युअरिंग’ कौतुकाचा, टिकून राहिलेल्या चांगल्या गोष्टीला. मैत्रीला लावा, मुतखड्याला नको.

फसवणारे चौघे

पहिला ‘पर्मनंट’. आपल्याकडं याचा एकच अर्थ आहे. सोयरिकीच्या बोलण्यात ‘पोरगा पर्मनंट झाला काय?’ असं विचारलं की ते नोकरीबद्दल असतं, पोराबद्दल नाही. त्यामुळं ‘कायम’ म्हटलं की आपल्या हातून ‘पर्मनंट’ लिहिलं जातं. शाळेत असताना मी रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘सफरिंग फ्रॉम पर्मनंट फीवर’. मास्तरांनी वर्गासमोर वाचलं आणि विचारलं, “म्हणजे आता उतरणारच नाही का रे?” आपला ‘कायम’ कधी ‘सारखा’ असतो, कधी ‘कायमचा’. सारखा ताप ‘कॉन्स्टंट’ किंवा ‘पर्सिस्टंट’. कायमचा पत्ता, कायमचं अपंगत्व, हे ‘पर्मनंट’. पुढं कधी सुटणार असेल तर हा शब्द टाळा.

दुसरा ‘क्रॉनिक’. दवाखान्याच्या कागदावर हा शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते, कारण लोकांना वाटतं क्रॉनिक म्हणजे भयंकर. तसं नाही. ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, त्यावरून आलेला शब्द. दुखणं किती दिवसांचं आहे एवढंच तो सांगतो, किती मोठं ते सांगत नाही. त्याच्या समोरचा ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे एकाएकी सुरू झालेलं. उदाहरणार्थ किडनीच्या आजाराला क्रॉनिक म्हणतात तो बिघाड तीन महिन्यांच्या वर राहिला तर. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडं, सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत. तो आईबापांकडून येणारा आजार, जन्मापासूनचा, म्हणून तो ‘लाइफलाँग’ही आणि ‘क्रॉनिक’ही. मराठीत याला ‘जुनाट’ हा चांगला शब्द आहे. कागद वाचून दाखवताना मी तोच वापरतो, माणूस थोडा शांत होतो.

तिसरा ‘पेरेनियल’, आणि हा दोन तोंडांचा आहे. नदीला लावला तर बारमाही: वर्षभर वाहणारी. पण झाडाला लावला तर बारा महिने नव्हे, अनेक वर्षं जगणारं. तणनाशकाच्या डब्यावर ‘पेरेनियल वीड्स’ लिहिलेलं असतं ते कुंदा, हराळी, लव्हाळ्यासाठी. वरून जाळलं तरी खालून पुन्हा फुटतात. काळ्या जमिनीत कुंदा खणलेल्या माणसाला ‘पेरेनियल’ समजावून सांगावं लागत नाही. गंमत अशी की आपली तूरही मुळात पेरेनियल, कपाशीही. आपण एका हंगामात उपटून टाकतो म्हणून त्या वर्षाच्या वाटतात. अंगणातला देवकापूस पाहा, आजी वर्षानुवर्षं त्याच झाडाच्या बोंडांच्या वाती वळते. तिसरा एक अर्थही आहे. ‘पेरेनियल प्रॉब्लेम’ म्हणजे सलग चालणारी अडचण असायलाच हवी असं नाही, वर्षाच्या वर्षाला हजर होणारीही चालते. उन्हाळ्यात दरवर्षी टँकर लागतो, त्याला हा शब्द अगदी बसतो.

चौथा ‘लास्ट’. शेवटचा म्हणूनही तोच, टिकणं म्हणूनही तोच. ‘हाऊ लाँग विल धिस बॅटरी लास्ट?’ याचा अर्थ फवारणी पंपाची बॅटरी किती वेळ पुरेल. शेवटाशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द योगायोगानं एकसारखे झाले आहेत. शेवटचा ‘लास्ट’ हा ‘लेट’चा भाऊ. टिकण्याचा ‘लास्ट’ पावलाच्या मागावरून आलेला, मागोमाग चालत राहणं या अर्थानं. जोडे शिवायच्या लाकडी साच्यालाही इंग्रजीत ‘लास्ट’च म्हणतात, तो याच दुसऱ्याचा नातलग. त्यावरून ‘लाँग-लास्टिंग’, पुष्कळ दिवस राहणारं: रंग, परिणाम, वास. वापरून, आपटून, घासूनही टिकणारी वस्तू मात्र ‘ड्युरेबल’. हप्त्यानं फ्रीज घेतला असेल तर कागदावर ‘कंझ्युमर ड्युरेबल लोन’ वाचलंच असेल. ड्युरेबल ती वस्तू. कर्ज फक्त लाँग-लास्टिंग.

‘इटर्नल’, ‘एव्हरलास्टिंग’ हे देवाधर्माचे आणि कवितेचे शब्द. कफ सिरपच्या बिलासोबतच्या अर्जात ‘एव्हरलास्टिंग कफ’ लिहिलेला एक कागद माझ्याकडं आला होता. बदलून ‘पर्सिस्टंट’ केला.

आता सराव

आजच्या दिवसात तुम्ही ‘पासून’ किती वेळा बोलता ते मोजा, आणि त्यातली पाच वाक्यं वहीत उतरवा. आधी वऱ्हाडीत, मग इंग्रजीत. प्रत्येकाला चार प्रश्न: चालू काय आहे, कॅलेंडरवर बोट ठेवता येतं का, ‘ऊन राहिला’ बसतं का, मध्ये खंड पडतो का. शब्द सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, मोबाईलमध्ये भारी शब्द शोधतात आणि त्याच्याभोवती वाक्य बांधतात. असा अर्ज लांबूनच ओळखू येतो.

त्या पोराचा अर्ज आम्ही असा केला: ‘द डीपी इन अवर शिवार हॅज बीन आउट ऑफ ऑर्डर फॉर इलेव्हन डेज. वी हॅव नॉट बीन एबल टू इरिगेट अवर ग्रॅम क्रॉप सिन्स देन.’ खाली, ‘वी हॅड रिपोर्टेड कंटिन्युअल ट्रिपिंग बिफोर धिस.’ भारी शब्द एकच, ‘कंटिन्युअल’, आणि तोही जागेवर. ‘शिवार’ मी मुद्दाम तसाच ठेवला, त्याला तोडीचा शब्द मला सापडत नाही.

पाच दिवसांनी संध्याकाळी मोबाईलवर त्याचा मेसेज आला. ‘काका, डीपी इज वर्किंग सिन्स मॉर्निंग.’ ‘सिन्स’ जागेवर पडला होता. मी उत्तरात फक्त दोन शब्द पाठवले, ‘हॅज बीन’. तिकडून अंगठा आला, आणि मागोमाग ओल्या हरबऱ्याचा फोटो.